चाकांवरची ओसरी

ब्लूग्रास संगीताच्या महोत्सवांवर जे छापून येतं ते बहुतेक सगळं स्टेजसमोरच्या खुर्चीत बसून लिहिलेलं असतं. कोणता बँड रंगला, कोणाचा आवाज बसला होता, ध्वनिव्यवस्था कशी होती, वगैरे. पंढरीच्या वारीचा वृत्तांत देताना फक्त देवळातल्या महापूजेबद्दल लिहावं, तसा हा प्रकार आहे. या महोत्सवांचं खरं संगीत स्टेजच्या मागे झाडीत, मोटरहोम आणि तंबूंच्या दाटीत चालतं. स्टेज हे त्याचं निमित्त. म्हणून हे परीक्षण मी तळावरून लिहितो आहे.

करोनाच्या काळातला खंड सोडला तर गेली काही वर्षं मी जूनमध्ये सहकुटुंब, भाड्याचं मोटरहोम घेऊन, उत्तर कॅलिफोर्नियातल्या ग्रास व्हॅलीला जातो. सॅक्रामेंटोच्या पुढे ऑबर्नला महामार्ग सोडायचा, एकोणपन्नास नंबरच्या रस्त्याने डोंगर चढायचा, की सुमारे अडीच हजार फुटांवर हे जुन्या सोन्याच्या खाणींचं गाव लागतं. तिथल्या नेवाडा काउंटी फेअरग्राउंड्समध्ये, उंचच उंच पाइनच्या झाडांखाली, कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनचा महोत्सव १९७६ पासून भरतो. 'फादर्स डे'च्या रविवारी तो संपतो. मंडळाच्या पिकनिकला ज्यांनी मला 'ते बँजोवाले कंट्री म्युझिक कसं काय आवडतं तुला?' असं विचारलं, त्यांच्यासाठी थोडी ओळख आधी करून देतो.

ब्लूग्रास हे शेकडो वर्षांचं लोकसंगीत नव्हे. आपल्या नाट्यसंगीतापेक्षाही ते वयाने लहान आहे. केंटकीतल्या रोझिन गावचा मँडोलिनवादक बिल मन्रो (१९११–१९९६) याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून त्याला नाव मिळालं. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक त्या बँडमध्ये आला आणि त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांनी या संगीताचा चेहरा कायमचा ठरवला. ही तीन बोटं आठ सुरांचा एक फेर घेतात, त्यात जोर पुष्कळदा तीन-तीन-दोन असा पडतो. ज्याने कधी तबल्यावर हात ठेवला आहे त्याला हे लगेच आपलं वाटेल. वाद्यं ठरलेली: बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, उभा डबल बास, क्वचित डोब्रो. ड्रम नाही. बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला पाय रोवतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कोरडा फटका मारतं. या दोघांमध्ये मिळून अख्खा ठेका होतो. मी लहानपणी पाच वर्षं तबला शिकलो, मोठेपणी यांत्रिक कंपनांवर डॉक्टरेट केली आणि आता पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या तिन्ही गोष्टींचा एकत्र उपयोग होईल अशी मला सापडलेली ही पहिलीच जागा.

आता महोत्सवाबद्दल. १९५०च्या दशकाच्या मध्यात रॉक अँड रोल आलं आणि या मंडळींच्या पोटावर पाय आला. शाळांच्या हॉलमध्ये आणि बागांमध्ये एकेका रात्रीचे कार्यक्रम करून भागेना. अशा काळात, १९६५च्या लेबर डे वीकएंडला, कार्लटन हेनी या संयोजकाने व्हर्जिनियात फिनकॅसलजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरवला. अशा प्रकारचा तो पहिलाच मानला जातो. लोकांनी एका जागी यायचं, मुक्काम करायचा, आणि सगळे बँड तिथेच ऐकायचे, ही कल्पना. १९६७ मध्ये खुद्द मन्रोने इंडियानातल्या बीन ब्लॉसमला स्वतःचा महोत्सव सुरू केला. याच सुमारास, १९६६ मध्ये, आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबागो कंपनीने मोटरहोमची मोठ्या प्रमाणावर बांधणी सुरू केली. आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ सालचा, म्हणजे रस्तेही तयार होत आले होते. मुक्कामाचं संगीत आणि मुक्कामाची गाडी जवळजवळ एकाच वर्षी जन्माला आली. संगीताच्या इतिहासात विनेबागोचं नाव कोणी घेत नाही, पण घ्यायला हरकत नाही.

स्टेजबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याबद्दल इतरत्र पुष्कळ मिळेल. उत्तम बँड एकाच माइकभोवती उभा राहतो तेव्हा बघत राहावंसं वाटतं. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, संपली की खांदा वळवून बाहेर पडतो. आवाजाचं संतुलन कुठल्याही बटणावर नाही, पायांवर. हे जिथे टिकून आहे तिथे स्टेजला माझा नमस्कार. पण अलीकडे प्रत्येक वाद्याला स्वतंत्र माइक लागतो, बासचा आवाज छातीत घुमतो, आणि वेगाची चढाओढ सुरू होते. सेकंदाला दहा सूर वाजवणं हे हातांचं कौतुक आहे, पण पाऊण तासात पाच वेळा तेच ऐकलं की मन कोरडं पडतं. आपल्याकडे द्रुत रंगतं ते आधी विलंबित झालेलं असतं म्हणून. इथे बऱ्याच बँडांना विलंबिताची भीतीच वाटते. एखादं संथ तीन मात्रांचं गाणं आलं तर ते तोंडी लावण्यापुरतं. शिवाय दोन गाण्यांमधले बँजोवाल्यावरचे विनोद! आपल्या निवेदकांच्या शेरोशायरीबद्दल मी पूर्वी तक्रार करत असे, आता करत नाही.

रात्री नऊ वाजता स्टेजसमोर पाहिलं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, कार्यक्रम पडला. खुर्च्यांचे मालक मात्र तळावर असतात, वाद्यं काढून.

तळावर जे चालतं त्याला 'जॅम' म्हणतात. सहा-सात माणसं गोल करून उभी असतात, पुष्कळदा एकमेकांना अनोळखी. कोणीतरी गाण्याचं नाव आणि पट्टी सांगतो. सुरुवात तोच करतो. पहिलं कडवं आणि ध्रुवपद झालं की शेजाऱ्याकडे पाहून मान हलवतो, तो आपल्या वाद्यावर तीच चाल आपल्या पद्धतीने वाजवतो, मग पुढचा. वाजवायचं नसेल तर मान नकारार्थी हलवायची, कोणी रागावत नाही. दुसरा गात असेल तेव्हा बँजोवाल्याने हात आवरायचा. कोणाला गाणं माहीत नसेल तर गाणारा मोकळ्या बोटांनी एक, चार, पाच अशी खूण करतो, म्हणजे सा, म, प. बहुतेक गाणी या तीन स्वरांवर उभारलेल्या मेळांमध्ये संपतात. शेवट जवळ आला की गाणारा एक पाय उचलतो आणि सगळे एकत्र थांबतात. एवढंच. कागद नाही, ओळखपाळख नाही, तालीम नाही.

माझ्या धंद्यात दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं तर आधी नियमांची संहिता लागते. मी त्या संहिता वाचण्यात आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत, आणि इतक्या थोड्या नियमांत इतकं काम करणारी संहिता माझ्या पाहण्यात नाही. ब्लूग्रासची गाणी सोपी आहेत, ठरावीक आहेत, चाली एकमेकींसारख्या आहेत, असा आक्षेप घेतला जातो. स्टेजवर तो खरा आहे. तळावर मात्र हाच त्यांचा गुण ठरतो. गाणं गुंतागुंतीचं असतं तर ओहायोचा निवृत्त पोस्टमन आणि सनीव्हेलचा चिपवाला रात्री अकरा वाजता भेटून अकरा वाजून दोन मिनिटांनी एकत्र वाजवू शकले नसते.

या वर्तुळाला आकाराची मर्यादा आहे, आणि ती शिष्टाचाराची नाही, भौतिकशास्त्राची आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वर्तुळ तीन मीटरचं असेल तर समोरच्याचा सूर नऊ मिलिसेकंदांत पोचतो, कानाला कळतसुद्धा नाही. वीस जण जमले आणि वर्तुळ बारा मीटरचं झालं की तोच सूर पस्तीस मिलिसेकंद उशिरा येतो. सेकंदाला दहा सूर म्हणजे एका सुराला शंभर मिलिसेकंद. त्यातला तिसरा हिस्सा वाटेतच गेला. प्रत्येक जण समोरच्याची वाट पाहतो, लय ओढू लागते, आणि चांगले वादक हळूच निघून जातात. जॅम मोडला की लोक म्हणतात, 'फार हौशी जमले.' हौशी जमले हे खरं, पण लय बिघडते ती बऱ्याच अंशी अंतराने.

म्हणून गाड्या कशा उभ्या केल्या आहेत यावर संगीत ठरतं, आणि इथे मोटरहोमचा विषय येतो. अमेरिकन मोटरहोमचं दार उजव्या बाजूला असतं, कापडी छतही त्याच बाजूला उघडतं. डाव्या बाजूला मैलापाण्याचा पाइप, विजेची जोडणी, असला सगळा मागीलदारचा कारभार. सगळ्यांनी गाड्या एकाच दिशेला तोंड करून लावल्या, तर प्रत्येकाची ओसरी शेजाऱ्याच्या मोरीसमोर येते. तिथे कोणी बसत नाही. पण जाणती मंडळी काय करतात, तर दोन गाड्या उलट्या तोंडाच्या लावतात, म्हणजे दारं समोरासमोर येतात. दोन्ही छतं उघडली की मध्ये सहा-सात मीटरचा चौक तयार होतो. गाड्यांच्या कडक भिंतींवरून परतलेला आवाज वीसेक मिलिसेकंदांत मूळ सुरात मिसळतो आणि फिडल दुप्पट भरदार वाटतं. खाली एक जाजम, चार घडीच्या खुर्च्या, एक मंद दिवा. वाड्याचा चौकच तो. येणाऱ्याजाणाऱ्याला आत काय चाललं आहे ते दिसतं, तो उंबऱ्यापाशी रेंगाळतो, आणि कोणीतरी त्याला विचारतं, 'काय वाजवता?' गंमत म्हणजे चार दिवसांत हा प्रश्न मला डझनभर वेळा विचारला गेला आहे, आणि 'कुठे असता कामाला?' हा एकदाही नाही.

वारीची उपमा मी वर उगीच दिली नाही. पालखी तळावर पोचली, समाजआरती झाली, की आपापल्या राहुट्यांसमोर जे भजन रंगतं, त्याचा हा दूरचा भाऊ. दिंडीचा ट्रक जसा स्वयंपाकघर, कोठार आणि पडवी असतो तसंच इथलं जुनं मोटरहोम. आमच्या पंचवीस फुटी गाडीच्या छताखाली सकाळी सात वाजता कांदेपोहे होतात. फोडणीच्या वासावर शेजारचे सत्तरीतले आजोबा हातात बँजो घेऊनच येतात, तेव्हा चहा आधी की गाणं आधी हे त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून असतं.

पण हल्ली या ओसऱ्या कमी होत चालल्या आहेत. बसच्या आकाराची, चाळीस फुटी, दोन-तीन लाख डॉलरची मोटरहोम दर वर्षी जास्त दिसतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात असूया नाही (भाड्याच्या गाडीचा मैलाचा हिशेब करणाऱ्याला असूया परवडत नाही). आक्षेप त्यांच्या रचनेला आहे. तिला ओसरी नाही, दिवाणखाना आहे. आत थंड हवा, मोठा टीव्ही, कातडी कोच. खिडक्यांना काळ्या काचा. छत उघडतं, पण त्याखाली कोणी नसतं. थंड हवेसाठी जनरेटर लागतो. जनरेटर वीज देतो साठ आवर्तनांची, आणि त्यातून घुमणारा आवाज बहुधा त्याच्या दुप्पट, एकशेवीस आवर्तनांचा. आता हा सूर कुठे बसतो पाहा. मन्रोच्या परंपरेत बी म्हणजे आपली पांढरी सात ही लाडकी पट्टी. तिचा खालच्या सप्तकातला सूर साडेतेवीस जास्त शंभरावर, काळी पाच साडेसोळा जास्त शंभरावर, आणि जनरेटरची गुणगुण या दोघींच्या बरोबर मधोमध. बासवाल्याने कितीही सुरेल वाजवलं तरी शेजारी ही अर्ध्या सुराची फट अखंड वाजत असते. एवढ्या मोठ्या सप्तकात दुसरी जागा सापडली नसती! भारतात पन्नास आवर्तनांमुळे हीच गुणगुण शंभरावर, पांढरी पाचच्या किंचित वर येते. ते निदान तंबोऱ्याच्या जवळपास.

संयोजकांना हे कळत नाही असं नाही. रात्रीच्या वेळी जनरेटर बंद ठेवावा असा नियम बहुतेक महोत्सवांत असतो. नेहमीच्या कॅम्पग्राउंडवर दहानंतर वाद्यं बंद करायला सांगतात, इथे उलट यंत्र बंद आणि बँजो चालू, हे मला फार आवडतं. पण नियम आवाजाला लागतो, बंद दाराला नाही. गाड्या कोणत्या दिशेला तोंड करून लावाव्यात हे कोणी सांगत नाही. खडूने रेघा मारून, पेट्रोल पंपावर लावाव्यात तशा एका दिशेने गाड्या लावून घेणारा महोत्सव मी पाहिला आहे. स्टेजवर नामवंत बँड होते, आणि तळावर तीन रात्री मिळून मी मोजून दोन जॅम ऐकले. तिकिटं सगळी खपली होती, म्हणून तो यशस्वी ठरला.

याउलट कॅन्ससमधल्या विनफिल्डचा वॉलनट व्हॅली महोत्सव. १९७२ पासून चालू असलेल्या या महोत्सवात गिटारची राष्ट्रीय स्पर्धा होते, पण जाणकार बोलतात ते तिथल्या 'पेकन ग्रोव्ह' या तळाबद्दल. जागा मिळवण्यासाठी लोक कितीतरी दिवस आधी येऊन रांगेत राहतात, आणि आत सोडण्याच्या त्या घटनेला 'लँड रश' असं नावही आहे. तिथे दर वर्षी त्याच माणसांची तीच वाडी वसते. व्हर्जिनियात गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवाल्यांचं संमेलन भरतं, तिथेही स्टेजकडे न फिरकणारे वाहनतळावरचे वादक हा एक मान्य वर्ग आहे.

तळाची एवढी स्तुती केल्यावर त्याच्या वर्तुळात कोण नसतं हेही सांगायला हवं. पहिली गोष्ट उघड आहे. शंभर गाड्यांमध्ये आमच्या रंगाची माणसं बोटांवर मोजावीत, आणि कृष्णवर्णीय त्याहून कमी. हे अधिकच खटकतं, कारण बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेतून आलं. खुद्द मन्रो पोरवयात ज्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि ज्याच्याकडून खूप घेतलं असं सांगायचा, तो आर्नल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक होता. २०१७ मध्ये रियानन गिडेन्स या गायिकेने आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेच्या परिषदेतल्या मुख्य भाषणात हा इतिहास भर सभेत मांडला. त्यानंतर स्टेजवर थोडा फरक दिसतो. तळावर फरक पडायला वेळ लागेल, कारण तळाला कार्यक्रमपत्रिका नसते आणि निवड समितीही नसते. वागणुकीबद्दल माझी स्वतःची तक्रार नाही. पण येऊन वागणूक अनुभवण्याआधीच जे येत नाहीत, त्यांच्याबद्दल माझ्या अनुभवावरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट पट्टीची. वर्तुळाच्या ठरलेल्या पट्ट्या पुरुषी आवाजाच्या आणि बँजोच्या सोयीच्या आहेत. एखाद्या बाईने आपल्या गळ्याला मानवणारी, काळी तीन किंवा पांढरी चार, अशी पट्टी मागितली की तीन जण सुस्कारा टाकतात आणि एक जण पाणी प्यायला जातो. आपल्याकडचा पेटीवाला काळी चार म्हटलं की मुकाट्याने बोटं सरकवतो, त्याची आठवण येते. संहिता कितीही सुंदर असली तरी ती कोणाला गृहीत धरून लिहिली आहे हे असल्या ठिकाणी कळतं.

या बाबतीत चित्र बदलतं आहे ते मुलांमुळे. ग्रास व्हॅलीला 'किड्स ऑन ब्लूग्रास' म्हणून उपक्रम आहे, तळावरचीच पोरं जमवून त्यांचा बँड करून स्टेजवर आणतात. आमच्याच बे एरियात, पालो आल्टोत वाढलेली मॉली टटल ही या तळांवर वडिलांबरोबर वाजवत मोठी झाली. २०१७ मध्ये ब्लूग्रास संघटनेचा गिटारवादनाचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या २०२२च्या 'क्रूकेड ट्री' या अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्यातलं शेवटचं गाणं ग्रास व्हॅलीवरच आहे. माझ्या मते ते अल्बममधलं सर्वांत वेगवान किंवा चमकदार गाणं नाही. पण स्टेजवरचे चांगले बँड कुठून येतात, याचं उत्तर त्यात आहे.

आता आपल्याबद्दल एक परिच्छेद, रागावू नये. आपल्या अधिवेशनांना कलाकार मुंबई-पुण्याहून येतात, कार्यक्रम देखणे होतात, मी स्वतः पहिल्या रांगेसाठी धडपडतो. पण रात्री हॉटेलच्या लॉबीत दहा मराठी माणसं जमली तर एकत्र काय म्हणतील? पहिलं कडवं येईल, दुसऱ्याला फोन निघेल. आणि आपल्या मुलांचं तर तेवढंही नाही. इथल्या वर्तुळात तेरा वर्षांच्या मुलीला आणि ऐंशीच्या म्हाताऱ्याला तीस-चाळीस गाणी सामाईक येतात. आपल्याकडेही अशी गाणी होती, अभंग, आरत्या, भोंडल्याची गाणी. भोंडल्याला तर वाद्यसुद्धा लागत नाही, आणि वर्तुळ ठरलेलंच. ती अजून आहेत, फक्त आपण त्यांना कार्यक्रमाच्या सुरुवातीची पाच मिनिटं देतो आणि मग दिवे मालवून बसतो. ज्या दोन-तीन घरी दर महिन्याला भजन असतं, तिथे हे लागू नाही, हे माहीत आहे. मी हॉलबद्दल बोलतो आहे.

कोणाला जायचं असेल तर एवढं सांगतो. गाडी पंचवीस फुटांपेक्षा मोठी घेऊ नका, नाहीतर झाडांमध्ये जागा मिळणार नाही. आधी शेजाऱ्याचं दार कुठे आहे ते पाहा आणि मग आपली गाडी लावा. वाद्य येत नसलं तरी खुर्ची छताखाली बाहेर ठेवा, आत नको. स्टेजवरचे शुक्रवार-शनिवारचे मुख्य बँड ऐका, पण शनिवारी दहानंतर तळाच्या दूरच्या कडेने, जिथे दिवे कमी आहेत तिथून, एक फेरी मारा.

रविवारी दुपारी मैलापाण्याच्या टाक्या रिकाम्या करायला गाड्यांची लांबच लांब रांग लागते. उन्हात तास-दीड तास मोडतो, आणि तिथे सगळ्या गाड्यांची तोंडं नाइलाजाने एकाच दिशेला असतात. गेल्या खेपेला आमच्या पुढच्या गाडीतला माणूस इंजिन बंद करून खाली उतरला, मागे वळून त्याने माझ्या मुलीच्या हातातली फिडलची पेटी पाहिली, आणि विचारलं, 'डीमध्ये काही येतं का?'